गोलकीपर बदलण्याबाबतचा ठराव

“एक दिवस! फक्त एक दिवस ही टीम माझ्या ताब्यात द्या! सरळ केली न्हाई तर साखरा नाव लावणार न्हाई!”

टँकरच्या रांगेत, भर उन्हात, रिकाम्या ड्रमवर थाप मारून ही घोषणा झाली. घोषणा करणारीच्या कडेवर दहा महिन्यांची बाळी होती, आणि बाळीच्या तोंडात आईच्या मंगळसूत्राची वाटी. रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या. टँकर यायचा तेव्हा येईल, पण साखराची फुटबॉलवरची मतं मात्र रोज वेळेवर येत!

साखरा म्हणजे साखराबाई. नाव पणजीचं, वय तेविशीचं, शिक्षण दहावी पास. आणि जीभ? जीभ घराबाहेर कोयता, घरात लोणी.

गावाला फुटबॉल दिला तो दुष्काळानं. सलग तिसऱ्या साली पाऊस फिरकला नाही. कपिलधारचा धबधबासुद्धा पिळलेल्या फडक्यासारखा ठिबकायला लागला, तिथे गावच्या पाझर तलावाची काय कथा! तलाव आटला आणि त्याचा तळ निघाला घासून ठेवलेल्या तव्यासारखा सपाट. दरवर्षी दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जायचं. यंदा ऊसच नाही, तर तोडायचं काय, कपाळ? सगळे गडी घरी! कुणीतरी केजच्या बाजारातून एक बॉल आणला, आणि ज्या तळ्यात म्हशी डुंबायच्या तिथे बाप्ये पळायला लागले.

बनियनी दिल्या महिला दूध संस्थेनं. गावात धुगधुगी उरलेली तेवढी एकच संस्था! छातीवर गाईचं चित्र, पाठीवर नंबर. आणि ज्याची बनियन त्याची टीम, हा सहकाराचा नियम. त्यामुळे खेळाडू बदलायचा तर संस्थेच्या संचालक मंडळाचा ठराव लागे. सूचक लागे, अनुमोदक लागे. दुसऱ्या गावांत गडी दमला की गडी बदलतात. इथे गडी दमला की मीटिंग बोलवायची!

“डाव्या अंगाला तो गिरणीवाला ठेवलाय,” साखरा रांगेत सांगत होती. “बॉल आला की दळणाचा डबा आल्यासारखा बाजूला सरकवून ठेवतो! जसं काय नंबर लागल्यावर बघू! आन् मधी सरपंचाचा पुतण्या. त्याला पास दिला की तो परत देतच न्हाई. घराण्याची सवय!”

बायका खो खो हसल्या. शेजारची भिवराबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, “आन् गोलकीपर गं? त्याचं काय मत हाय तुझं?”

साखरानं टाचा उंचावून रस्त्याकडं बघितलं.

“आला वाटतं टँकर!” ती म्हणाली. टँकर आलेला नव्हता. धूळसुद्धा उडालेली नव्हती.

कारण गोलकीपर होता तिचा नवरा, गहिनीनाथ. आणि गोलकीपरची आई होती रुक्मिणीबाई, साखराची सासू, म्हणजेच दूध संस्थेची चेअरमन! रुक्मिणीबाई कधी आवाज चढवायची नाही. हळू बोलायची. तेच लई भ्यावाचं! ती हळूच “साखरे” म्हणाली की चुलीवरचं दूधसुद्धा उतू जायचं थांबायचं. “माझ्या लेकासारखा गोलकीपर आख्ख्या जिल्ह्यात न्हाई,” असं तिनं एकदा हळूच म्हटलं होतं, आणि तेव्हापासून आख्ख्या गावाचं तेच मत होतं.

पण साखराला एक गोष्ट माहीत होती, जी फक्त बायकोलाच माहीत असते. गहिनीनाथ डोळे मिटायचा! फोडणी तडतडली, डोळे मिट. भांडं पडलं, डोळे मिट. बाळी शिंकली तरी मिट! मग बॉल अंगावर येताना काय होत असेल? गडी हात पसरून, छाती काढून, एकदम पहाडासारखा उभा राहायचा, आणि ऐन वेळेला देवघरात बसल्यासारखे दोन्ही डोळे गच्च! मागच्या सामन्यात तर बॉल असे आत गेले, जशा संध्याकाळी शेळ्या वाड्यात जातात. न सांगता, ओळीनं.

इतके दिवस साखरानं हे पोटात ठेवलं होतं. पण तालुका दूध संघाच्या आप्पारावांनी घोषणा केली आणि तिला गप बसवेना. येत्या रविवारी तळ्यात सामना, समोर डोंगरपिंपळ्याची टीम. जे गाव जिंकेल त्याच्या जनावरांना पाऊस पडेपर्यंत संघाकडून रोज टँकर! हरलेल्या गावानं आपापली जनावरं घेऊन लांबच्या चारा छावणीत जावं.

लांबच्या छावणीत! म्हणजे गोठ्यातली कपिली गाय जाणार. तिच्याबरोबर राखणीला गहिनीनाथ जाणार. बाळी कपिलीच्या दुधावर वाढत होती. वाटी तोंडाला लावली की नाकापर्यंत पांढरी मिशी काढून हसायची. आणि गेल्या चार दिवसांपासून बापाला बघून “बा” म्हणायला लागली होती. गाय छावणीत, बाप छावणीत, मग ही “बा” कुणाला म्हणणार? ड्रमला?

म्हणून साखरानं बेत आखला. बेत असा, की चाणक्यानं शेंडी सोडून टाळ्या वाजवाव्यात!

संस्थेच्या मीटिंगा साखरा ओळखून होती. तीही संचालक होती. जागा भरायला सासूनं तिचं नाव घातलं होतं, बिनविरोध. मीटिंग म्हणजे दूध संकलनाच्या ओसरीवर सतरंजी. सेक्रेटरी रामहरी विषय वाचायचा तो एका दमात, विहिरीत बादली सोडल्यासारखा. खळखळखळ धप्प! तो थांबला की बायका म्हणायच्या, “मंजूर!” काय मंजूर, ते कुणी विचारायचं नाही. कुणी शेंगा सोलतंय, कुणी लेकराला पाजतंय, सगळ्यांचं ध्यान चहाकडं. रुक्मिणीबाईसुद्धा तोवर चहाचे कप मोजत असायची. ‘मंजूर’ आपोआप यायचं, जांभईसारखं!

“सरकी पेंडीच्या विषयानंतर हळूच घुसवायचं,” तिनं रामहरीला गाठून सांगितलं. “गोलकीपर म्हणून सटवा. आन् आत्ताचे गोलकीपर फुडं, गोल मारायला. बस्स!”

रामहरीच्या कपाळावर घाम आला. “वैनी, तुमचंच मालक हायेत ते!”

“म्हणून तर हळूच म्हणलं.”

“चेअरमनबाईला कळलं तर माझी नोकरी जाईल की!”

“आन् टँकर न्हाई आला तर? गाई जातील. गाई गेल्या की दूध गेलं. दूध गेल्यावर तू सेक्रेटरी कशाचा राहशील, धुळीचा?”

रामहरीनं धुळीकडं बघितलं. भरपूर होती. त्यानं वहीत विषय टिपून घेतला.

सटवाचं नाव साखरानं उगीच घेतलं नव्हतं. सटवा म्हणजे ऊसतोडीच्या टोळीतला मोळ्या झेलणारा. ट्रकवर उभं राहायचं, खालून उसाची मोळी वर आली की हवेतच धरायची आणि रचायची. हात असे, की दोन परातीच! दुष्काळानं रिकामे पडले होते बिचारे. एवढी मोळी झेलणाऱ्याला बॉल म्हणजे काय, लिंबू! डोंगरपिंपळ्यानं नुसतं बघत बसावं. साखराला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं, की तिनं बाळीचा पापा घेतला. “तुझी आई म्हंजे साधी बाई न्हाई गं!”

मीटिंगच्या दिवशी मात्र ती सतरंजीच्या दशा ओढत बसली. रामहरीनं पेंडीचा विषय वाचला. “मंजूर!” मग त्यानं डोळे वर छताला लावले आणि सुटला, “विषय-क्रमांक-चार-गोलकीपरपदी-श्री-सटवा-यांची-निवड-व-विद्यमान-गोलकीपर-यांस-पुढील-फळीत-घेणेबाबत-सर्वानुमते...”

कप वाजले. कुणीतरी शेंग फोडली.

“मंजूर!” बायका म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्यानं रुक्मिणीबाई!

झालं! साखराला वाटलं, आता उठून फुगडी घालावी. तेवढ्यात बाळीनं भोकाड पसरलं. साखरा तिला घेऊन ओसरीखाली उतरली, लिंबाच्या झाडाखाली झोके दिले, चिमणी दाखवली, मनातल्या मनात डोंगरपिंपळ्याला हरवलं. बाळी शांत झाली. साखरा हलक्या पावलांनी परत वर आली तेव्हा रामहरी कसलंसं वाक्य संपवून थांबत होता. आणि साखराच्या तोंडून, सवयीनं, आपोआप, जांभईसारखं, निघालं,

“मंजूर!”

बायकांनी टाळ्या वाजवल्या.

साखराला टाळ्यांचं भ्याव वाटलं. मीटिंगीत टाळ्या? “काय... काय झालं?” तिनं भिवराबाईला विचारलं.

“आगं, तूच म्हणलीस की मंजूर! मागं एका सामन्यात त्या डोंगरपिंपळ्यानं बारावा गडी घुसवलाता ना, म्हणून संघानं नियम काढलाय. सामन्याआधी संस्थेच्या एका संचालकबाईनं माइकावर सगळ्या गड्यांची नावं पुकारायची. कोण कुठं खेळणार ते सांगायचं. एकदा सांगितलं की बदल न्हाई!”

“तुझं नाव मीच सुचवलं,” रुक्मिणीबाई हळूच म्हणाली. “दहावी शिकलेली हायेस. कळू दे आप्पारावांना, आमची सून कशी हाय ती.”

स्वतःच्याच सापळ्यात स्वतःच! नवऱ्याला गोलमधून आपण काढलं, ते कुणाला कळू नये म्हणून एवढा उपद्व्याप. आणि आता ते तिनंच सांगायचं! माइकावर! सासूच्या तोंडावर! आख्ख्या तालुक्यासमोर!

घरी आली तर गहिनीनाथ बनियन झटकत होता. धुवायला पाणी नव्हतं, म्हणून झटकायची. “साखरे, आईनं सांगितलं मला! माझं नाव तू पुकारणार? आता बघ मी कसा खेळतो! चल, चेंडू मार मला!”

गोठ्याच्या दारात तो पाय फाकवून उभा राहिला. साखरानं चिंध्यांचा चेंडू टाकला, अगदी हळू, बाळीला टाकावा तसा. चेंडू त्याच्या कानाजवळून गोठ्यात गेला. गहिनीनाथ डोळे मिटून, दात आवळून, हात पसरून तसाच!

“आडवला का?” त्यानं डोळे न उघडता विचारलं.

आत कपिली चेंडू चघळत होती.

“आडवला,” साखरा म्हणाली. असल्या माणसाला सांगायचं तरी कसं? लेकरासारखा हसतोय. बाळी सतरंजीवरून दोन्ही हात वर करून “बा! बा!” ओरडतेय.

रविवारपर्यंत साखरानं सुटकेचे सगळे मार्ग बघितले. ताप आल्याचं सोंग केलं, तर सासूनं कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाली, “सकाळपतुर उतरंल.” घसा बसल्याचं सांगितलं, तर हळदीची चिमूट घशात गेली आणि घसा नको तितका मोकळा झाला! रामहरीकडं गेली तर तो सायकल टाकून बांधामागं लपला. आणि सासू? सासूनं लेकासाठी लिंबागणेशच्या गणपतीला नवस बोलला, “माझ्या गहिन्याच्या हातून बॉल सुटू देऊ नको, देवा!” साखरा मागं हात जोडून उभी. तिनं मनात पुस्ती जोडली, “देवा, त्यांच्या हातात बॉल येऊच देऊ नको!” दोन्ही नवस एकदम फेडता येतील का, ह्याचा विचार करून देवालासुद्धा घाम फुटला असेल.

आणि ह्या सगळ्यात एक गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती. ती आली थेट माइकासमोर!

तळ्याच्या बांधावर ही गर्दी! बायका टँकरच्या रांगेतून सरळ आलेल्या, रिकाम्या घागरी पुढ्यात मांडून बसलेल्या. मांडवात खुर्चीवर आप्पाराव, शेजारी रुक्मिणीबाई, नऊवारीच्या निऱ्या कडक, चेहरा त्याहून कडक. मैदानात डोंगरपिंपळ्याचे गडी. काय ते गडी! एकेकाच्या मांडीत दोन गहिनीनाथ मावले असते. ते बॉलला लाथ मारायचे तेव्हा बॉल कळवळायचा.

साखरा बाळीला कडेवर घेऊन माइकापुढं उभी राहिली. बाळीनं माइक धरला आणि पहिला मान स्वतःच घेतला. “बा!”

भोंग्यातून “बाऽऽ” घुमलं. तळं हसलं. गहिनीनाथनं मैदानातून हात हलवला. साखराचे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात वीज पडली.

नाव! नवऱ्याचं नाव! गोलमध्ये म्हणा, पुढं म्हणा, कुठंही म्हणा, नाव तर घ्यावंच लागणार! आणि लग्न झाल्यापासून तिनं ते उखाण्याशिवाय कधी उच्चारलं नव्हतं. सासूसमोर तर नाहीच. शेजारच्या गावातल्या गहिनीनाथ महाराजांच्या जत्रेलासुद्धा ती “आमच्या ह्यांची जत्रा” म्हणायची!

तिनं भराभर बाकीची नावं घेतली. डावीकडं गिरणीवाला, मध्ये सरपंचाचा पुतण्या, सगळे झाले. उरले दोन गडी आणि दोन जागा.

“आन् गोलकीपर?” आप्पारावांनी विचारलं.

गप्प बसावं. डोळ्यांनी नवऱ्याकडं खूण करावी, की सगळं पहिल्यासारखं. सासू खुश, नवरा खुश, घरात शांतता. साखराची नजर बांधावरच्या घागरींवर गेली. ओळीनं रिकाम्या. उन्हात तापून तोंडं वासलेल्या. त्यांच्यामागं, लांब, कपिली आपल्या बांधलेल्या जागी वाळलेलं धसकट हुंगत होती.

“सटवा,” साखरा म्हणाली.

आवाज भोंग्यातून गेला आणि परत आला. गहिनीनाथचा हलणारा हात हवेतच राहिला. मांडवात रुक्मिणीबाई उभी राहिली.

“साखरे,” ती हळूच म्हणाली.

साखराला वाटलं, तळ्याच्या भेगेत पाय घालावा आणि वरून माती ओढून घ्यावी. आता? आता काय?

तेवढ्यात बांधावरून भिवराबाई कडाडली, “आगं रुक्मिणे, पोरीवर डोळे कावून वटारतीस? नवऱ्याचं नाव ती माइकात कसं घेईल? तुझ्यासमोर? तोंडात आलं ते नाव घेऊन मोकळी झाली! लाज राखली पोरीनं!”

“खरंच की!” बायका म्हणाल्या. “ह्या काळात असल्या सुना राहिल्यात कुठं!”

आप्पारावांनी मान डोलावली. “वा, रुक्मिणीबाई! संस्कार म्हणावेत तर हे!”

रुक्मिणीबाई पेचात पडली. रागवावं तर संस्कारांवर पाणी. आणि गावात पाणी आधीच कमी! ती हळूहळू खाली बसली, आणि चेहऱ्यावर अभिमान आला. थोडा उशिरा आला, पण आला.

“पण खरं गोलकीपर कोण, ते कळायला पायजे ना!” डोंगरपिंपळ्याचा एक पहाड ओरडला. “नियम हाय!”

“मंग उखाणा घ्या!” बांधावरून आवाज आला. “नाव घ्या, नाव घ्या!” दोन्ही गावं एक झाली. घागरी वाजायला लागल्या. ठण्! ठण्! ठण्!

साखरानं बाळीला घट्ट धरलं. डोळे मिटले, अगदी नवऱ्यासारखे. आणि घशात लागलेली हळद कामी आली.

“तळ्यातलं पाणी आटलं, भेगा पडल्या सात,
गोल राखतील सटवा भाऊजी, फुडं खेळतील गहिनीनाथ!”

तळं दणाणलं! डोंगरपिंपळ्याच्या बायकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. “उखाण्यात घेतलंय, आता बदल न्हाई!” भिवराबाईनं निकाल दिला. उखाण्यात घेतलेलं नाव म्हणजे देवापुढं लावलेला दिवा, तो फुंकायचा कुणी? रुक्मिणीबाईनंही नाही. गहिनीनाथ लाजून, कानापर्यंत लाल होऊन, पुढच्या फळीत जाऊन उभा राहिला. बायकोनं सगळ्या तालुक्यासमोर आपलं नाव घेतलं, ह्या आनंदात आपण गोलमधून निघालो हे त्याच्या ध्यानातच आलं नसावं.

वाचले! साखरानं निःश्वास टाकला. तो अर्धाच बाहेर आला होता, तेवढ्यात सामना सुरू झाला.

डोंगरपिंपळ्याच्या पहाडानं पळत येऊन लाथ घातली. बॉल भिंगरीसारखा गोलकडं! सटवानं आपले दोन्ही परात-हात वर केले आणि बॉल हवेतच झेलला! एकदम नरम, आवाजसुद्धा नाही!

“बघितलं?” साखरा नाचली. “बघितलं का? मी म्हणलं नव्हतं?”

सटवा समाधानानं वळला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, मोळी रचावी तसा, तो बॉल त्यानं आपल्या मागं नीट ठेवून दिला.

गोलच्या आत!

वर हातानं थोपटून नीटसुद्धा केला. मग पुढची मोळी झेलायला हात पसरून परत तोंड फिरवलं.

शिट्टी वाजली. डोंगरपिंपळा एक, आपण भोपळा! साखराला मागं बघायचं धाडस होईना. पण पाठीला कळत होतं, मांडवातून दोन डोळे लागलेत, आणि त्यांच्यात आता संस्कार-बिंस्कार काही नाही. जिनं आख्ख्या टीमच्या चुका काढल्या, तिनं निवडलेल्या गोलकीपरनं स्वतःच्या हातानं गोल रचला होता! कपिली गेली. टँकर गेला. आता आपणही जाणार, थेट माहेरी, पहिल्या जीपनं!

पुन्हा बॉल सटवाकडं आला. पुन्हा झेलला. पुन्हा वळायला लागला!

साखरानं बाळीला भिवराबाईच्या मांडीत टाकलं, पदर खोचला आणि गोलमागं धूम ठोकली. “सटवा भाऊजी! आवो, रचू नका! ट्रक भरायचा न्हाई, रिकामा करायचाय! फेका खाली, फेका!”

सटवा चमकला. हे त्याला एकदम समजलं. ट्रक खाली करायचा म्हणल्यावर काय! त्यानं बॉल डोक्यावर धरला आणि असा भिरकावला, की तो अर्धं तळं ओलांडून गेला. तिकडं गहिनीनाथ उभा होता. अंगावर काहीतरी येतंय म्हटल्यावर त्यानं काय केलं? डोळे मिटले! बॉल येऊन त्याच्या कपाळावर ठण्णकन् आपटला आणि समोरच्या गोलमध्ये गेला.

“आडवला का?” गहिनीनाथनं डोळे मिटूनच विचारलं.

बांधावर घागरी फुटतात की काय अशा वाजल्या!

दुसऱ्या गोलचं काय सांगावं! बॉल त्याच्या पायांत आणि मागं तीन पहाड. गहिनीनाथ आयुष्यात इतका कधी पळाला नव्हता. लपायला जागा म्हणून तो गोलच्या खांबाकडं धावला, बॉलही पायाबरोबर गेला, आणि दोघंही आत! त्यानंतर सटवानं ट्रक रिकामा करत राहावं, आणि डोंगरपिंपळ्यानं आ वासून बघावं. शिट्टी वाजली तेव्हा रुक्मिणीबाई मांडवातून उठून लेकाजवळ आली, त्याच्या कपाळावरच्या टेंगळावरून हात फिरवला आणि आप्पारावांना हळूच म्हणाली, “मला आधीपासून वाटायचंच, ह्याला फुडं खेळवावं.”

साखरानं नुसती मान डोलावली. घरात जीभ लोणी!

परतताना गहिनीनाथनं बाळीला खांद्यावर घेतलं होतं. बाळी टेंगूळ दाबून बघत होती. थोडं पुढं आल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, “साखरे, तुला म्हणून सांगतो. आईला सांगू नको. बॉल आला की माझे डोळे मिटतेत.”

“काय सांगता!” साखरा म्हणाली.

“खरंच. लई भ्याव वाटायचं गोलात. सुटलो बघ! कुणाच्या डोक्यात आलं काय की. भलं होवो त्याचं.”

साखरानं पदराखाली हसू झाकलं. दुसऱ्या दिवशी टँकर आला. कपिलीनं हौदात तोंड घातलं ते शेपटी हलवतच. बाळीच्या नाकाखाली पांढरी मिशी परत उमटली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आप्पारावांना उखाणा इतका आवडला, की त्यांनी दर रविवारी सामने लावले आणि जाहीर केलं, “नावं ह्याच सूनबाई पुकारतील, उखाण्यासकट!” आख्खा बांध म्हणाला, “मंजूर!” दर रविवारी नवा उखाणा! साखराला फुटबॉलचं काही सुचेना झालं. भाकरी थापताना उखाणा, शेण भरताना उखाणा, बाळीला निजवताना उखाणा. दुसऱ्या रविवारी तिनं कसंबसं जुळवलं,

“हंड्यावर हंडा, हंड्यावर कळशी,
गहिनीनाथरावांचं नाव घेते, दारात हाय तुळशी!”

टाळ्या पडल्या, पण पातळ. ताकासारख्या.

सोमवारी ती टँकरच्या रांगेत आली, तर पुढं घोळका. ड्रमाआड थांबून तिनं कान दिला.

“सुरुवात बरी केली पोरीनं, पण शेवटाला दम सोडला!” एक जण म्हणत होती.

“तुळशी म्हणं! दुष्काळात तुळस वाळून काडी झाली तिच्या दारातली, आम्हाला दिसत न्हाई व्हय?”

“पयल्या उखाण्याच्या जिवावर किती दिवस खेळवायचं तिला?”

मग भिवराबाईनं रिकाम्या ड्रमवर थाप मारली. “एक दिवस! फक्त एक दिवस तो माइक माझ्या ताब्यात द्या! रामहरीला सांगून ठेवलंय मी, येत्या मीटिंगीत पेंडीच्या विषयानंतर हळूच घुसवायचं, उखाणेवाली बदलण्याबाबत!”

“मंजूर!” बायका म्हणाल्या.

ड्रमाआडून, सवयीनं, आपोआप, आणखी एक आवाज निघाला. सगळ्यांत मोठा तोच होता.